गरमीचा मलम

"गरमीचा मलम कुणाचा?" कंपाउंडरनं जाळीच्या खिडकीतून पत्र्याची डबी बाहेर धरली आणि मोठ्यानं विचारलं. बाकड्यावरची माणसं इकडंतिकडं बघू लागली. एका बाईनं पदर तोंडाशी नेला. मुंजाजी खिल्लारे भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच उभा राहिला. क्षणभर त्यालाही खरंच वाटलं की हा मलम दुसऱ्या कुणाचा तरी असेल. आत डॉक्टरांनी त्याला तपासलं नव्हतं. 'कुठं?' एवढंच विचारलं होतं, त्यानं मान खाली घालून हातानं दाखवलं होतं, डॉक्टर 'उष्णता आहे' म्हणाले होते आणि चिठ्ठीवर काहीतरी खरडलं होतं. आतली उष्णता खिडकीपर्यंत येईस्तोवर गरमी झाली होती, आणि गरमी म्हटलं की लोकांना बाजारातल्या बायांकडून येणारा रोगच कळतो. "अहो मास्तर, तुमचाच की हा," कंपाउंडर म्हणाला, "घ्या. दोन टाइम लावायचा. अन् सुईला उद्या या." मुंजाजीनं डबी मुठीत दाबली आणि वळला, तेव्हा बाकड्याच्या टोकाला कानात कापूस घालून बसलेला माणूस त्याच्याकडे बघत होता. तो सोनाजी होता, डोंगरकड्याचा, त्याच्या बायकोचा मामा. चतुराला खांद्यावर खेळवणारा आणि हे स्थळ आणणाराही तोच.

"काय जावाई, इकडं कुठं?"

"उगंच. थोडं खाजतंय."

"हां," सोनाजी म्हणाला. "माझा कान वाहून राहिला. पन ऐकू येतंय बराबर."

बाहेर हिंगोलीचं एप्रिलचं ऊन होतं. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं आणि छोट्या लाइनीवरून मालगाडी इतक्या सावकाश चालली होती की एकेका डब्यावरचा खडूचा आकडा वाचता येत होता. मुंजाजी फाटकाशी उभा राहिला. चालण्यापेक्षा उभं राहणं बरं होतं. चालताना टेरिलीनच्या पँटची मधली शिवण घासायची, घाम खाली उतरायचा आणि घामातलं मीठ त्या चिरांमध्ये शिरायचं; मग जांघेपासून बेंबीपर्यंत एक बारीक, पांढरी कळ जायची, आणि तोंडावर काही न दिसू देता ती जाऊ द्यावी लागायची. हे त्याला आता जमत होतं. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना, पाठमोरा असताना, तो तोंड वेडंवाकडं करून घेई आणि वळायच्या आत ते सरळ करी. चिरा खोल नव्हत्या. पुढच्या कातडीच्या कडेला, उभ्या, ब्लेडचं टोक हलकंसं ओढावं तशा. भरत आल्या की पांढुरक्या पडत, कातडी तिथं आवळून येई, आणि जरा ताण पडला की त्याच जागी पुन्हा उलत. नववीच्या पोरांना तो कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर कसा पसरायचा ते शिकवी. चिमट्यानं ओढला की फाटतो, म्हणून पाण्याच्या थेंबावर तरंगत आणायचा. पेशींचा एकच थर, तो पोरांना सांगे, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसतं. सांगताना त्याला आपल्या अंगाची आठवण येई आणि तो वाक्य तिथंच तोडी.

हे सुरू झालं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता, लग्नाचं दुसरं साल होतं, आणि घरमालक बद्रुद्दीनच्या घरामागची ही दीड खोली त्यानं नुकतीच भाड्यानं घेतली होती. एका दुपारी, सुट्टीच्या, चतुरा हसत असताना, त्याला काहीतरी सुटल्यासारखं झालं, शिवणीतला एखादा टाका उसवतो तसं, आणि मागाहून गोधडीवर रक्ताचा वाटाण्याएवढा डाग दिसला. चतुरानं तो आपला समजला. "आवं, आज कसं काय?" असं स्वतःशीच पुटपुटत ती गोधडी धुवायला घेऊन गेली. तो काही बोलला नाही. बोलायचं म्हटलं तरी कोणत्या शब्दानं बोलायचं? पुस्तकात त्या जागेला एक संस्कृत शब्द होता, तो परीक्षेत लिहायचा. गल्लीत दुसरा होता, तो शिवीत वापरायचा. मधे काहीच नव्हतं. माणसानं आपल्या बायकोला 'मला इथं लागलंय' असं सांगावं, एवढ्या साध्या कामाचा शब्द या भाषेत त्याला कुणी दिला नव्हता, आणि इंग्रजीतला दिला असता तर तो चतुराला कळला नसता.

मग त्यानं उपाय सुरू केला. तो बी. एस्सी. होता, जखम म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे धुणं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि धुणं त्याच्या हाडात फार आधीपासून होतं. लहानपणी शिरड शहापूरच्या शाळेत त्याला पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीला भांडं लागू नये म्हणून हात उंच धरून, आणि ते कोपरावरून गळत सदऱ्यात जायचं. पुढं धर्म बदलला. बाप जळबा रोज सकाळी त्याची नखं आणि कानामागची जागा तपासायला लागला. "आपल्याला कुनी घान म्हनलं न्हाई पाह्यजे," जळबा म्हणायचा, "बामनाच्या पोरानं एकदा धुतलं तर चालतंय. तू दोनदा धू." मुंजाजी दोनदा धूत आला होता. आता तीनदा धुवायला लागला. लाल कार्बोलिक साबण घासून, मग शाळेच्या प्रयोगशाळेतलं पोटॅशियम परमँगनेट पाण्यात जांभळं करून, मग कोरडं पुसून बोरिक पावडर, आणि रात्रीला गजकर्णाचा मलम. कातडी कोरडी, ताठ, चुरचुरीत व्हायची. तिला एक स्वच्छ औषधी वास यायचा, त्या वासानं त्याला धीर यायचा. पुन्हा उललं की त्याला वाटायचं, धुणं कमी पडलं.

त्या महिन्यांत आणखीही काही होत होतं, पण ते त्यानं याला कधी जोडलं नाही. तहान फार लागायची. तास संपला की तो शिपायाच्या रांजणाशी जाऊन तांब्यावर तांब्या प्यायचा आणि पुढच्या तासाच्या आधी मुतारीला जायचा, मागच्या बाकावरचा शेषराव नावाचा एक वाढलेला पोरगा म्हणायचा, "मास्तर इकडून भरते अन् तिकडून सोडते, पूर्णा नदीवानी." पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आई, जनकाबाई, गावाहून आली तेव्हा तिनं त्याचं मनगट आपल्या बोटांत धरून बघितलं. "काय रं हे? पोटात जातंय ते जातंय कुठं?" त्यानं सांगितलं की तहान लागते, आग होते. कुठं आग होते ते नाही सांगितलं. "उष्णता," जनकाबाई म्हणाली. "मास्तरकी करून डोकं तापवून घेतलं. चतुरा, याला खडीसाखर दे. सब्जा भिजू घाल. गुलकंद आन." आणि त्या रात्री चतुरानं पलीकडे सरकलेल्या नवऱ्याला विचारलं, "काय होऊन राहिलं तुमाला?" तेव्हा त्यालाही तोच शब्द सापडला; आईनं दिलेला, सोपा, कुठलीही जागा न दाखवणारा. "गरमी झाली थोडी अंगात," तो म्हणाला.

चतुरानं ते मनावर घेतलं. ती चौथी शिकलेली होती, हाताला उरक होता, आणि नवऱ्याचं काहीतरी करायला मिळालं याचा तिला आनंद झाला. रोज सकाळी काचेचा उंच गिलास, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवून गार केलेला, वर सब्जाचे फुगलेले काळे डोळे. संध्याकाळी पानावर गुलकंदाचा गोळा. तो गिलास रिकामा करेपर्यंत ती समोर उभी राहायची. "बेस गार वाटलं का?" वाटायचं. घशाखालून उतरताना खरंच सगळं विझल्यासारखं व्हायचं. मग ती दिवा मालवल्यावर जवळ यायची आणि तो भिंतीकडे सरकायचा. एकदा ती अंधारात हसून म्हणाली होती, "तुमच्या आजीनं नाव बेस ठिवलं. पिंपळावरचा मुंजा लगीन करत न्हाई म्हनतेत. तुमी केलं, अन् तसेच राहिले." तो हसला नाही. आजीनं पिंपळाखालच्या मुंजाला नवस केला होता, नातू झाला म्हणून नाव ठेवलं होतं. पुढं देव सोडले, नाव राहिलं. चतुरा पुन्हा हसली नाही.

सोनाजी दुसऱ्या दिवशी आला. मुंजाजी शाळेतून परतला तेव्हा त्याच्या जाडजूड वहाणा दाराशी होत्या आणि आतून बोलणं येत होतं. तो आत गेला नाही. का गेला नाही, हे त्यानं पुढं अनेकदा स्वतःला विचारलं. सायकल भिंतीला लावून, हँडलवर हात तसाच ठेवून तो उभा राहिला.

"पोरी, जावायाला बरं न्हाई का?" सोनाजी विचारत होता.

"न्हाई ना, मामा. पाह्यलं न्हाई कसे वाळून चालले? गरमी झाली त्यायला."

"तुला ठाऊक हाये?"

"मंग! मलाच सांगितलं त्यायनं. आत्याबाई बी म्हनल्या."

"सासू म्हनली?"

"व्हय. म्या रोज खडीसाखरेचं पानी देते की. सब्जा घालून."

सोनाजीनं घसा खाकरला. "अन् तुला काही झालं न्हाई?"

"मला काहून होईल?" चतुरा हसली. "माझी परकिरती थंडी हाये."

"चतुरा," सोनाजी म्हणाला, "ती गरमी न्हाई, माय."

भिंतीपलीकडे बद्रुद्दीनच्या अंगणात त्याची बायको जाहेदा तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज येत राहिला, थांबला, पुन्हा सुरू झाला. आत सोनाजी हळू बोलत होता, कानात कापूस घातलेला माणूस बोलतो तसं, स्वतःला वाटतं त्यापेक्षा मोठ्यानं. दवाखाना, खिडकी, सुई. बाजारातल्या बाया. चतुराचं हसू कुठल्या शब्दावर संपलं ते मुंजाजीला बाहेर ऐकू आलं. मग सोनाजी दाराबाहेर आला, त्याला बघून दचकला नाही, आणि "म्या जरा चौकातून तंबाखू घेऊन येतो," म्हणून निघून गेला.

चतुरा चुलीपाशी उभी होती. "मामा म्हनते ते खरं हाये का?"

"न्हाई."

"मंग काय हाये?"

"जखम हाये."

"कशानं झाली?"

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला. प्रयोगशाळेत हे उत्तर चाललं असतं. शाळेतल्या एका गुरुजींनीच त्याला शिकवलं होतं, ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं, त्यात लाज नाही. दीड खोलीत ते शब्द बाहेर पडले आणि चोराच्या तोंडचे झाले.

"तुमीच म्हनले होते गरमी झाली म्हनून. तुमच्याच तोंडानं."

"ती वेगळी."

"किती गरम्या असतेत हो?" चतुरानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो बोलेपर्यंत ती थांबली. त्याच्या डोक्यात पुस्तकातला संस्कृत शब्द आला, मग गल्लीतला आला, आणि दोन्ही घशाशी एकमेकांना अडून राहिले. "म्हनून तुमी भितीकडं निजता?" ती म्हणाली.

"व्हय."

"मला होऊ न्हाई म्हनून?"

तुला नाही, मला दुखतं म्हणून, एवढंच वाक्य होतं. साधं होतं. तो गप्प राहिला, आणि ती मान हलवत राहिली, जणू तो सविस्तर सांगतोय आणि तिला एकेक गोष्ट पटते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ती मामाबरोबर डोंगरकड्याला गेली. जाताना दाराशी थांबली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं की या."

ती गेल्यावर घरात मुंग्यांशिवाय कुणी नव्हतं. मोरीच्या कोपऱ्यात त्या नेहमीच होत्या. बारीक, तांबड्या, भिंतीच्या फटीतून उतरणाऱ्या. चतुरा वैतागून राख टाकायची. "तुमच्या खडीसाखरेला लागल्या," म्हणायची, कारण गिलास तिथंच विसळला जायचा. आता गिलास फळीवर पालथा होता. खडीसाखर संपली होती, त्यानं आणली नव्हती. मुंजाजी मोरीवर उकिडवा बसून मुंग्यांकडे बघत राहिला, बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून. त्या येतच होत्या. ओळ मोरीच्या दगडाच्या खालच्या अंगाला जात होती, जिथं तो रात्री अंगणात जायचा कंटाळा करून लघवी करायचा, आणि तिथं ती पसरून गोल होत होती. गोड काढून घेतलं आहे, तरी मुंग्या आहेत. म्हणजे मुंग्या त्या गोडाच्या नाहीत. हे वाक्य त्याच्या मनात फळ्यावर लिहिल्यासारखं उमटलं. तहान, पट्टा, मनगट. वर्षभर हे सगळं त्याच्यासमोर मांडून ठेवलेलं होतं आणि तो साबण घासत होता.

शनिवारी शाळा लवकर सुटली, तेव्हा त्यानं प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. पदार्थातली शर्करा ओळखणं, दहावीचा प्रयोग, मागच्याच महिन्यात त्यानं तो करून दाखवला होता. बेनेडिक्टचं निळं द्रावण परीक्षानळीत घेतलं, त्यात ड्रॉपरनं आपली लघवी टाकली, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तिरपी हलवत राहिला, तोंड स्वतःकडे न ठेवता, पोरांना सांगायचा तसं. निळं हिरवट झालं. एका परक्या कुतूहलानं तो पुढे वाकला. हिरवं पिवळं झालं, पिवळं नारिंगी, आणि मग तळाशी विटेच्या भुकटीसारखा लाल गाळ बसायला लागला. दाट, सुंदर, पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगला. पोरांच्या नळ्यांमध्ये असा रंग कधी यायचा नाही. खिडकीतून आलेल्या उजेडात त्यानं तो धरून बघितला. पहिलं मनात आलं ते असं, की ही गरमी नाही. हे आपण चतुराला दाखवू शकतो. आणि तो आनंद ओसरायच्या आधीच दुसरं आलं, की कॉलेजच्या पुस्तकात या रोगापुढे जे लिहिलं होतं त्यात 'बरा होतो' असं कुठंही नव्हतं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं त्याला पडद्यामागं नेऊन, दिवा खाली ओढून, नीट तपासलं. इतक्या दिवसांत त्या जागेकडे न लाजता बघणारं हे पहिलं माणूस होतं. "साखर लघवीतून येते, कातडीवर राहते," तो म्हणाला, "तिच्यावर बुरशी पोसते. कातडी सुजते, पातळ होते, उलते. वरून तुम्ही काय लावत होता?" मुंजाजीनं सांगितलं. डॉक्टरनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "अहो, कातडीला स्वतःचं तेल असतं. ते तुम्ही रोज तीनदा काढून टाकलंत. हे छप्पर गळतं म्हणून कौलंच काढून टाकण्यासारखं झालं." साबण बंद, जांभळं पाणी बंद. कोमट साधं पाणी, फडक्यानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही; बुरशीचं औषध काही दिवस, मग नुसतं खोबरेल; सैल सुती कपडा; भरेपर्यंत बायकोपासून दूर, आणि पुढंही घाई नाही. "हे सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "हे भरेल. दुसरं जन्माचं आहे." मग इन्सुलिनची बाटली, काचेची सिरिंज, मांडीत सुई कशी घालायची ते. बाटली गार ठेवायची. मुंजाजीला माठाखालची ओली वाळू आठवली.

आणि भरलं ते खरंच. साबण न लावणं त्याला सुरुवातीला फार जड गेलं; मोरीवर हात आपोआप वडीकडे जायचा, कानात जळबाचा आवाज यायचा, आणि नुसत्या पाण्यानं उठताना आपण घाण आहोत असं वाटून अंग आक्रसायचं. पण चिरा एकेक करून मिटल्या. पांढुरकेपण गेलं, कातडी मऊ, आपल्या रंगाची झाली, ओढली तरी उलेना. तरी तो डोंगरकड्याला गेला नाही. 'बरं झालं की या,' चतुरा म्हणाली होती, आणि त्याला पक्कं बरं होऊन जायचं होतं. एक नळी लाल झाली म्हणून निष्कर्ष काढू नये, पुन्हा करून बघावं, तसं. पाऊस येऊन पेरण्या झाल्या. सुईनं मांडीवर निळे ठिपके उठले. तो निरोपसुद्धा पाठवत नव्हता, कारण निरोपात कोणता शब्द घालायचा हे ठरत नव्हतं. शेवटी एका रविवारी, पांढरा सुती पायजमा घालून, तो डोंगरकड्याच्या फाट्यावर उतरला.

चतुराची आई रुक्माबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. सोनाजी बाजेवर बसला होता. कान बरा झाला होता. चतुरा दाराच्या आत, अर्धी दिसत होती. मुंजाजीनं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसला असता तर त्याला जमलं नसतं. साखरेची बिमारी, तो म्हणाला. लघवीतून साखर जाते, ती त्या जागेला लागते, तिथं जखमा होतात. डॉक्टरची भाषा त्याला उपयोगी पडली. सासूसमोर सगळं सांगून झालं आणि आभाळ कोसळलं नाही.

"साखरेची बिमारी," सोनाजी म्हणाला. "ती तर शेटजी लोकायला होती, जावाई. पोट सुटलेल्या मानसाला. तुमी तर काडी हाये."

"बारीक मानसालाबी होती."

"आपल्यात कोनाला झालेली ऐकली न्हाई बाई," रुक्माबाई शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. "आपल्याला साखर होती कुठं खायाला? भाकर अन् ठेसा खाऊन कशी होईल?"

"खरंच झाली, आत्याबाई. म्या सोता तपासलं."

"बरी होती का ती?" आतून चतुरानं विचारलं.

"जखम बरी झाली. पक्की. बिमारी न्हाई होत. जलमभर सुई घ्या लागती."

"अन् गोड?"

"गोड चालत न्हाई."

बोलून झाल्यावर त्याला दिसलं की पुढचा प्रश्न कोणता आहे. तो तिच्या तोंडावर येताना त्याला दिसला, आणि तो थांबवायला हातात काहीच नव्हतं.

"मंग म्या दिलेलं?" चतुरा म्हणाली.

"त्यानं झाली न्हाई. आधीपासूनच होती." तिथं थांबता आलं असतं. पण ते पूर्ण उत्तर नव्हतं, आणि अपुरं उत्तर देण्याची त्याला सवय नव्हती. "त्यानं वाढली."

"घ्या!" रुक्माबाईनं हातातली शेंग सुपात आपटली. "सोता कुठं शेन खाल्लं, अन् आता माह्या लेकीवर आलं!"

चतुरा दारातून बाहेर आली. ती आईकडे बघत नव्हती. "तुमी तर सायन्स शिकवता," ती म्हणाली. "म्या समोर उभी राहून पाजत होते. गिलास रिकामा करून देत होते तुमी माह्या हातात."

"मला ठाऊक नव्हतं, चतुरा. तुलाबी नव्हतं."

"गरमी असती तर आले असते म्या." ती हळू बोलत होती, मनाशी पाठ केलेलं कुणी म्हणावं तसं. "बाप्या मानूस हाये, चुकला असंल, पाय धरून नेईल तर जाऊ, असं मन घट्ट केलं होतं. कापडंबी भरून ठिवले पिशवीत. मामाला विचारा. पन हे तर माह्या हातचं झालं. तुमी सुई घेतानी रोज मला दिसत राहील. न्हाई येत म्या." आणि ती आत गेली.

सोनाजी त्याला फाट्यापर्यंत सोडायला आला. लिंबाच्या झाडाखाली मोटारीची वाट बघत काही बाया बसल्या होत्या. त्यांतली एक सोनाजीला ओळखत होती आणि त्याच्या पाहुण्याकडे बघून तिनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुंजाजीला ते बघून काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचं नवल वाटलं. अंगावर कुठंही कळ नव्हती. उन्हात घाम खाली उतरत होता आणि लागत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर चतुरा होती, चुलीपाशी, म्हातारी झालेली, डब्यातली साखर बघून हात मागं घेणारी. ते चित्र त्याला पुढं पुढं दिसत गेलं, वर्षानुवर्षं, पोरांशिवाय, या गावात, आईच्या शेंगांपाशी. कातडी भरते. हे भरणार नाही. तिला खरं सांगितलं होतं त्यानं, मोजून मापून, जेवढं होतं तेवढं. आयुष्यात त्यानं कधी नळीतल्या रंगाच्या जागी दुसरा रंग लिहिला नव्हता. कॉलेजात मित्र पुस्तकातला आकडा बघून उत्तर जुळवायचे, तो चुकलेलं उत्तर तसंच लिहायचा आणि कमी मार्क घ्यायचा. मोटार आली. बाया उठल्या, टोपल्या आत सरकवल्या. कंडक्टरनं दार धरून त्याच्याकडे बघितलं.

"बसा, जावाई," सोनाजी म्हणाला.

"थांबा, मामा," मुंजाजी म्हणाला, आणि मोटारीकडे पाठ करून आला त्या वाटेनं चालायला लागला. सोनाजीला त्याच्यामागून घाईनं यावं लागलं.

रुक्माबाई ओट्यावर तशीच होती. चतुरा आडाचं पाणी रांजणात ओतत होती. त्याला बघून तिनं कळशी कमरेवरून उतरवली नाही.

"खोटं बोललो म्या मघाशी," तो म्हणाला. आवाज नीट निघाला. "साखरेचं. तसं काही न्हाई. मामा म्हनले तेच खरं. सुया त्याच्याच हायेत."

"म्या म्हनलं नव्हतं का!" रुक्माबाई म्हणाली. सोनाजी बाजेच्या पायाशी उभा राहून जमिनीकडे बघत राहिला.

चतुरानं कळशी खाली ठेवली. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याला वाटलं, हिला कळलं. "मंग गोड काहून चालत न्हाई?" तिनं विचारलं.

"त्या सुयायला पथ्य असतं."

"म्हंजे माह्या पान्यानं काही झालं न्हाई."

"काही न्हाई."

"अन् तिथं उभं राहून म्हनले, त्यानं वाढली म्हनून." तिचा आवाज चढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ आवळले होते आणि नाकपुड्या फुलल्या होत्या. त्या दीड खोलीत दूध नासलं किंवा घरमालकानं नळ बंद केला की ती अशी दिसायची. तिला राग आला होता. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा तिला राग यायला जागा मिळाली होती. "कुठं गेले होते?"

"नांदेडला."

"कवा?"

"पेपर तपासायला गेलो होतो तवा."

"कोन होती?"

तिला नाव द्यायला हवं होतं. मुंजाजीनं आठवून बघितलं. त्याला जेवढी बायांची नावं ठाऊक होती ती आईची, सासूची, वर्गातल्या पोरींची होती. एकही असं नव्हतं, जे तिथं नेऊन ठेवता येईल.

"नाव न्हाई विचारलं," तो म्हणाला.

चतुरा आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. भरलेलीच होती. आईच्या पाया पडली, मामाच्या पडली, पायात चपला सरकवल्या.

"पुढं व्हा," ती त्याला म्हणाली. "म्या मागून येते. संगं चालू नका."